समुद्राला जायचं, तर आधी पोहायला शिकायचं

सातवीच्या वर्गात मराठीचा तास होता. 'समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ' हा निबंध लिहायला द्यायचा होता. देण्याआधी सहज विचारलं, "कुणी कुणी समुद्र बघितलाय?" वर्गात चौतीस मुली. पाच हात वर आले. तिघींनी मुंबईला हाजी अलीच्या दर्ग्याला गेल्यावर बघितला होता. एकीने गोव्याला लग्नाला जाताना गाडीच्या खिडकीतून. पाचवी म्हणाली, "मॅडम, मोबाईलवर बघितलेला चालतो का?" वर्ग हसला, मीही हसले.

घरी येऊन वह्या तपासायला घेतल्या तेव्हा हसू राहिलं नाही. चौतीस निबंधांत एकच समुद्र होता. निळाशार पाणी, फेसाळत्या लाटा, लाल गोळा होऊन मावळणारा सूर्य, शंख-शिंपले. सगळा गाईडमधला. एकाही मुलीच्या निबंधात समुद्राचा वास नव्हता, पायाखालून सरकणारी वाळू नव्हती. कोल्हापूरपासून मालवण दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस तिथे पोचतो. तरी आमच्या मुलींना समुद्र पाठ करावा लागतो.

त्यांना कशाला नावं ठेवू? मी स्वतः समुद्र पहिल्यांदा बघितला तो बीएड करताना, गणपतीपुळ्याच्या सहलीत. वर्गातली मुलं पाण्यात धावली, त्यांच्यामागून काही मुलीही गेल्या. आम्ही चौघी-पाचजणी वाळूत बसून सगळ्यांच्या चपला आणि पर्सेस सांभाळत राहिलो. आम्हाला कुणी अडवलं नव्हतं. आम्हीच आपणहून बसलो होतो. नंतरही दोन-तीनदा कुटुंबासोबत किनाऱ्यावर गेले, आणि प्रत्येक वेळी चपला सांभाळायचं काम माझ्याकडेच आलं. आमच्या घरांतल्या बहुतेक बायकांची समुद्राशी ओळख एवढीच आहे.

या जानेवारीत ते बदलायचं ठरवलंय. ९ तारखेला, शुक्रवारी, जुम्याची नमाज झाली की आम्ही तीन कुटुंबं मालवणला निघणार आहोत. मोठी पाच, मुलं सहा, त्यात मुली चार. दोन रात्री तंबूत झोपायचं आणि रविवारी परत यायचं. शनिवारसाठी मी एक किरकोळ रजा टाकली आहे. ही शाळेची सहल नाही, आमची घरगुती आहे. तरी या तयारीत मला जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवावंसं वाटलं, कारण तंबू आणि टॉर्च हा या तयारीचा सगळ्यात छोटा भाग निघाला.

आधी जागेविषयी. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा आहेत. आपल्या जवळचं चांदोली डोंगरातलं आहे, आणि समुद्राच्या जवळपास म्हणावं असं एकच, मुंबईतलं संजय गांधी उद्यान. खऱ्या अर्थाने समुद्रातलं राष्ट्रीय उद्यान बघायचं तर गुजरातेत जामनगरला, कच्छच्या आखातात जावं लागतं. पण आपल्या दारात मालवण सागरी अभयारण्य आहे, १९८७ साली जाहीर झालेलं. क्षेत्र जेमतेम एकोणतीस चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी, पद्मगड, आजूबाजूचे खडक हा त्याचा गाभा. या पाण्याखाली जिवंत प्रवाळ आहे, म्हणजे अंगठीतल्या पोवळ्याचे भाऊबंद. डॉल्फिन येतात. जिल्ह्यातल्या वायंगणी, शिरोडा, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री येऊन वाळूत शंभरेक अंडी घालून जाते. मालवणात जाऊन किल्ला आणि सोलकढी तेवढी बघून परत येणाऱ्या आपल्या लोकांपैकी किती जणांना हे माहीत असतं?

आता घरातली गोष्ट. बेत सांगितल्यावर अम्मीचं पहिलं वाक्य होतं, "पोरियांको समंदर में कायकू लेको जाते गे?" मी म्हटलं, अम्मी, बघायला. त्यावर तिने जे सांगितलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने मुरुडची आठवण काढली.

१ फेब्रुवारी २०१६. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरुडच्या किनाऱ्यावर गेली होती. चौदा मुलं-मुली बुडाली. त्यांत बरीच नावं आपल्यासारख्या घरांतली होती. त्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यात ज्या घरात जावं तिथे हाच विषय होता. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या महाविद्यालयातले आठ विद्यार्थी गेले. बेळगाव म्हणजे आपलंच अंगण. मुरुडनंतर सहलींच्या अटी कडक झाल्या आणि पुष्कळ शाळांनी समुद्र हे नावच सहलीच्या यादीतून काढून टाकलं. मुख्याध्यापकाच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. दुसऱ्याचं लेकरू सोबत नेणं ही केवढी जोखीम असते, ते वर्गशिक्षकाला चांगलं कळतं.

म्हणून अम्मीची भीती मी हसण्यावारी नेली नाही. आपल्याकडे अशा भीतीला मागासलेपणा म्हणायची एक फॅशन आहे. आई पाण्याला घाबरते, कारण पाण्याने माणसं नेल्याचं तिने बघितलेलं असतं. प्रश्न पुढचा आहे. या भीतीचं आपण काय करतो? मुलीला घरी ठेवणं हे एक उत्तर झालं. मुलीला पोहायला शिकवणं हे दुसरं. गेल्या दोन पिढ्या आपण पहिलंच उत्तर देत आलो, आणि मला वाटतं ते चुकीचं आहे. त्याने मुलगी सुरक्षित होत नाही, फक्त तिला पाण्याविषयी काही कळत नाही. पाणी मात्र कधीतरी तिच्याकडे येतंच.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा आपल्या घरांत आली होती. २०१९ ला माझ्या खालाच्या गल्लीत पहिला मजला पाण्यात होता. जवान बोट घेऊन आले. खिडकीतून बोटीत उतरायचं होतं, दोन फुटांचं अंतर. खाला अर्धा तास खिडकीची चौकट धरून उभी राहिली. तिचे दोन्ही मुलगे नदीत पोहायला शिकलेले, ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून "अम्मी, हात सोड" म्हणत होते आणि तिचा हात सुटत नव्हता. त्याच दिवसांत शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. मेलेल्यांत बायका आणि मुलं किती होती, आठवून बघा. त्यांतली एकही सहलीला निघालेली नव्हती.

कोल्हापुरात पोरग्यांना पोहणं शिकवायची जुनी रीत आहे. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत किंवा नदीत ढकलून द्यायचं. तालमीत जाणाऱ्या पोरांना कुस्तीइतकंच पोहणंही यायचं, आणि या तालमींत सगळ्या जातिधर्मांची पोरं असत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला पोहायला गेलेला वीरधवल खाडे आपल्या कोल्हापूरचाच. पाण्याची अशी परंपरा असलेल्या गावात डबा कायम मुलाच्याच पाठीला बांधला गेला. घरात एकच डबा असल्यासारखं.

म्हणून आमच्या तयारीची पहिली पायरी ऑक्टोबरमध्येच सुरू झाली. मी, माझी लेक, माझी नणंद आणि तिच्या दोन मुली, अशा आम्ही पाचजणींनी जलतरण तलावावरच्या बायकांच्या बॅचला नाव घातलं. शिकवायला बाईच आहेत. पहिले आठ दिवस मी कठडा सोडला नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडायचे म्हणजे पहिलीच्या वर्गात बसल्यासारखं वाटतं. लेक तिसऱ्या दिवशी तरंगायला लागली. मला पाच आठवडे लागले. शिकवणाऱ्या बाई एकच वाक्य परत परत सांगायच्या, "अंग सोडा, पाणी तुम्हाला धरतंय." ज्या दिवशी ते खरं असल्याचं कळलं, त्या दिवशी मी पाठीवर तरंगत वरच्या पत्र्याकडे बघत होते आणि डोळ्यांतलं पाणी तलावाच्या पाण्यात मिसळून जात होतं. कुणाला दिसलं नाही ते बरं झालं.

कपड्यांचा प्रश्न येतोच, तो टाळून चालणार नाही. पुष्कळ घरांत पोहणं अडतं ते इथेच. मी माझ्यापुरतं सांगते. अंगभर असा पोहण्याचा पोशाख मिळतो, मनगटापासून घोट्यापर्यंत, डोक्याच्या टोपीसकट. कापड नायलॉनसारखं असतं, पाणी धरून ठेवत नाही. हयाही राहते आणि पोहताही येतं. धोका आहे तो सुती सलवार-कमीज आणि ओढणी घालून लाटांत उतरण्यात. ओलं सुती कापड शिशासारखं जड होतं, आणि ओढणी गळ्याभोवती किंवा पायांत गुंडाळते. म्हणजे जो वेश आपण मुलीच्या काळजीपोटी निवडतो, त्याच वेशात तिला पाण्यात उतरू देणं सर्वांत धोक्याचं. आमचा नियम ठरला आहे. गुडघ्यापलीकडच्या पाण्यात ओढणी नाही, आणि बोटीत पाय ठेवायचा तर आधी लाइफ जॅकेट, पट्टे आवळून.

तलावात पोहता येतं म्हणून समुद्रात पोहता येईल, असं मुळीच नाही. ही दुसरी पायरी. समुद्रात लाटा येतात आणि ते पाणी परत जायला वाट शोधतं. ते एखाद्या पट्ट्यातून जोराने आत ओढलं जातं. गंमत अशी की तो पट्टा लांबून शांत दिसतो, कारण तिथे लाटा फुटत नाहीत. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. अशा ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झटायचं नाही. दमून माणूस बुडतो तो त्यानेच. तरंगत राहायचं, हात वर करून हाक मारायची, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर यायचं. मुलांना मी हे फरशीवर खडूने चित्र काढून शिकवलं, दहा वेळा म्हणून घेतलं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे पाण्याचा जोर आणखी वेगळा. त्या बाजूला उतरायचंच नाही. आणि कुठेही उतरण्याआधी तिथल्या कोळ्याला किंवा जीवरक्षकाला विचारायचं. तो नको म्हणाला तर नको. वाद घालायचा नाही.

तिसरी पायरी तारीख ठरवायची, आणि इथे आपल्या घरातलं जुनं शहाणपण कामाला आलं. अमावास्येला आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं. भरती मोठी, ओहोटीही मोठी, पाण्याची धाव जास्त. अष्टमीच्या आसपास जोर उतरतो, त्याला कोकणात भांग म्हणतात. मी मुलांना म्हटलं, आपल्याकडे चाँदची तारीख असतेच की! हिजरी महिन्याची पहिली तारीख म्हणजे नुकतीच अमावास्या होऊन गेलेली, म्हणजे उधाण. चौदावी-पंधरावी म्हणजे पौर्णिमा, पुन्हा उधाण. सातवी-आठवी आणि एकविसावी-बाविसावी म्हणजे भांग. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळसुद्धा तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. आम्ही निवडलेला १० जानेवारीचा शनिवार कृष्ण अष्टमीच्या आसपास येतो, रजबच्या तिसऱ्या आठवड्यात. अर्थात हा अंदाज झाला. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघायची. पण जो चाँद आपण रमजानसाठी आणि ईदसाठी गच्चीवर जाऊन शोधतो, तोच समुद्रही हलवतो, हे लेकीला समजलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आणि अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे संध्याकाळभर आकाश काळंभोर राहणार. कोल्हापुरात न दिसणारे तारे दिसतील.

आता त्या भीतीविषयी, जी अम्मीने बोलून दाखवली नाही पण माझ्या भावाने दाखवली. "आपा, दिवस बरे नाहीत. अनोळखी गावात तंबू टाकून झोपायचं, बरोबर बायका, हिजाबवाल्या मुली. कशाला?" जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काय झालं ते आम्ही दार लावून घेऊन बघितलं आहे. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात काय झालं तेही माहीत आहे. त्यानंतर मोहल्ल्यातल्या आयांनी मुलांचं बाहेर जाणं कमी केलं. गडावर जायचे बेत तर कुणी काढतच नाही. मी भावाला खोटा धीर दिला नाही. तरी मी जाणार आहे, त्याचं कारण सांगते.

राहण्यासाठी फोन केला तेव्हा माझंही मन कचरत होतं. नाव सांगितल्यावर पलीकडून काय ऐकू येईल, असं वाटत होतं. किनाऱ्याजवळच्या एका घराच्या माडाच्या वाडीत तंबू टाकायला जागा मिळते. फोन घरातल्या काकूंनी घेतला. मी नाव सांगितलं, माणसं किती ते सांगितलं. क्षणभर पलीकडे शांतता. मग त्या म्हणाल्या, "मटण-कोंबडी आमच्याकडची तुमका चालाची नाय. पण मासे खातास मां?" मी म्हटलं, खातो. "मग झाला तर." त्यांना माझ्या नावाने पडलेला प्रश्न जेवणाचा होता, आणि तो त्यांनी माझ्याआधी सोडवलाही होता. सगळीकडे असाच अनुभव येतो, असं मी म्हणणार नाही. ज्यांना वेगळे अनुभव आले त्यांचेही खरेच आहेत. पण फोन लावलाच नसता तर या काकू मला कधी भेटल्या नसत्या.

आणि दुसरं. या किनाऱ्याशी आपलं नातं त्या फोनपासून सुरू होत नाही. कोकणी मुसलमान शेकडो वर्षं या पाण्यावर जगतात. दालदी तर पिढ्यानपिढ्या मासेमारी करणारे. १६६४ साली ज्या शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधायला घेतला, त्यांच्या आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग हे मोठे अधिकारी होते. दोन भाषा शिकवणारी बाई म्हणून मला आणखी एक दिसतं. मराठी माणूस समुद्राविषयी बोलायला लागला की दर्या, बंदर, खलाशी, नाखवा हे शब्द त्याच्या तोंडी येतात. हे फारसी-अरबीतून आलेले. नाखवा म्हणजे आपला नाखुदा. ज्या समुद्राची बोलीच आपल्या दोन्ही भाषांनी मिळून घडवली, तिथे आपल्या मुलींनी परकं का वाटून घ्यावं? भीतीपोटी एकेक जागा सोडत गेलो तर शेवटी मोहल्लाच उरेल, आणि तोही आधी मुलींसाठी आक्रसेल. घरात जागा कमी पडली की आधी त्यांचीच जागा जाते.

पाहुणे म्हणून जायचं तर पाहुण्यासारखं वागायचं. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मालवणच्या मच्छीमारांनी विरोध केला होता. ज्या पाण्यावर पोट चालतं त्यावर आपल्याला न विचारता रेघ ओढली, हे त्यांचं म्हणणं. त्यांची बाजू मला पटते. पण मग ज्या पाण्यात मासेमाराला नियम आहेत, तिथे दोन दिवसांच्या पर्यटकाने मोकाट वागावं, हे कसं चालेल? आमचे नियम असे: प्रवाळाचा तुकडा उचलायचा नाही, वाळूत पडलेला असला तरी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे. रात्री किनाऱ्यावर शेकोटी नाही, झगमगाट नाही. कासवीण उजेडाने बिचकते, आणि अंड्यांतून निघालेली पिल्लं जिकडे उजेड जास्त तिकडे समुद्र समजून चालत सुटतात. म्हणून टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावला आहे. पिल्लं या खेपेला दिसायची नाहीत, ती साधारण फेब्रुवारीनंतर निघतात. पण सवय आतापासून लागावी. कचऱ्याच्या दोन पिशव्या नेणार आणि भरून परत आणणार.

बाकीचं सामान तुम्हाला माहीत आहे. तंबूखाली अंथरायला ताडपत्री, पाण्याचे कॅन, ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, जाड चादरी. समुद्राकाठी पहाटे दव पडतं. रस्ता राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली. म्हणजे समुद्राच्या अभयारण्याला जाताना वाटेत गव्यांचं अभयारण्य लागणार, १९५८ पासूनचं. राधानगरीला पाच मिनिटं थांबून मुलांना शाहू महाराजांचं धरण दाखवायचं आहे. मुसलमान मुलांनी शिकावं म्हणून १९०६ मध्ये कोल्हापुरात बोर्डिंग उभं राहिलं ते त्यांच्यामुळे. आमच्या घरात शिक्षणाची सुरुवात त्याच बोर्डिंगमधून, आजोबांपासून झाली. तेव्हाही "पोरं बाहेर राहून बिघडतील" म्हणणारे होतेच.

एवढ्या लांबच्या सफरीत नमाज कसर होते, चार रकअतींच्या जागी दोन. धर्मानेच प्रवाशाला एवढी मुभा दिली आहे, कारण माणूस प्रवास करणार हे त्याने गृहीत धरलं. जमिनीवर फिरा आणि बघा, असं कुरआन पुन्हा पुन्हा सांगतं. मालवणला किबला पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे. म्हणजे मगरिबला उभं राहिलं की समोर फक्त समुद्र, आणि त्याच्या पलीकडे अरबस्तान. मला त्या एका नमाजसाठी तरी जायचं आहे.

शेवटी एक अडलेली गोष्ट. लेकीची एक मैत्रीण आमच्याबरोबर यायची आहे. बुडबुडे सोडण्यापासून ती तलावावर आमच्यासोबत आहे, आईने गुपचूप पाठवलं होतं. वडिलांचं उद्यमनगरात गॅरेज आहे. मी इजाजत मागायला गेले. हातातला पाना खाली ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर विश्वास हाय. पाण्यावर नाही. मला स्वतःला पोहायला येत नाही. तिला काही झालं तर मी काठावर उभा राहून काय करू?" मी त्यांना एवढंच म्हटलं, की तुमची मुलगी आता आडवा पूर्ण तलाव पार करते, एकदा येऊन बघा. मुलगी पोहायला जाते हे त्यांना त्या क्षणी कळलं. ते रागावले नाहीत. गप्प झाले. बायकांच्या बॅचला पुरुषांना आत सोडत नाहीत, म्हणून बाईंना विचारून मी त्यांच्यासाठी एक वेळ ठरवते आहे. होकार अजून आलेला नाही. माणसं अकरा सांगितली आहेत, जागा बाराव्या मुलीची धरून ठेवली आहे.

तुमच्या घरी मुलगी असेल तर एक विनंती आहे. तंबू घ्यायची घाई नको, मालवणही कुठे जात नाही. आधी जवळच्या तलावावर बायकांची बॅच आहे का ते विचारा. नसेल तर पाच-दहा आयांनी मिळून अर्ज द्या, सुरू होते. आणि मुलीसोबत स्वतःही पाण्यात उतरा. चपला सांभाळायला या वेळी दुसरं कुणीतरी बसेल.